बेशबर आणि कमबर : गंजिफ्यातील ‘प्रबळ’ रंगांचा पुनर्विचार

गंजिफ्याविषयी जे लेखन आजवर झाले आहे, त्यात या खेळाच्या रंगांची ‘प्रबळ’ आणि ‘दुर्बल’ अशी विभागणी बहुधा चर्चेविना स्वीकारलेली दिसते. पानांवरील चित्रांचे वर्णन करावे, निम्मे रंग बलिष्ठ व निम्मे हीनबल असे सांगावे, आणि त्यातून तत्कालीन समाजाच्या उच्चनीचतेचे प्रतिबिंब दाखवावे, असा या विवेचनाचा ठरीव क्रम आहे. वस्तुतः ही विभागणी ज्या दोन शब्दांवर आधारलेली आहे त्यांचा अर्थ, आणि ज्या नियमांत ते शब्द वावरतात त्या नियमांचे स्वरूप, ही दोन्ही तपासल्यावाचून असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

गंजिफ्याचा हिंदुस्थानातील सर्वपरिचित आरंभीचा उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात येतो. १५२७ साली त्याने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद तेथे आहे. पानांचे तपशीलवार वर्णन मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त केले. त्यात बारा रंगांचा, प्रत्येकी बारा पानांचा, म्हणजे एकंदर १४४ पानांचा संच आहे. पहिला अश्वपती, दिल्लीच्या बादशहासारखा घोड्यावर बसलेला. दुसरा गजपती, ओरिसाच्या राजासारखा. तिसरा नरपती, विजापूरच्या राजासारखा. पुढे गढपती, धनपती, दलपती असे करीत हा क्रम अकराव्या बनपतीपर्यंत आणि बाराव्या अहिपतीपर्यंत जातो. पहिल्या सहा रंगांस ‘बेशबर’ व शेवटच्या सहांस ‘कमबर’ अशी नावे दिली आहेत. बनपती, म्हणजे अरण्याचा स्वामी, हा अर्थातच कमबर होय.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकास येथे थांबावेसे वाटेल, आणि ते योग्यही आहे. कारण याच ग्रंथाच्या वऱ्हाड सुभ्याच्या प्रकरणात चांद्याचा उल्लेख आहे. बाबजी या गोंड अधिपतीपाशी १,००० घोडदळ व ४०,००० पायदळ असल्याचे, वैरागडची हिऱ्याची खाण त्याच्या ताब्यात असल्याचे आणि त्या मुलुखात रानहत्ती विपुल असल्याचे अबुल फज्ल नमूद करतो. (वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, हा जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला.) म्हणजे हत्ती, पायदळ, गड आणि अरण्य ही चार रंगांची चार लक्षणे एकाच अधिपतीच्या ठायी एकवटलेली आहेत. परंतु पानांवर बनपतीच्या ठिकाणी माणूस नाही. तेथे ‘शेर’ आणि इतर पशू आहेत, त्याचा वजीर चित्ता आहे, आणि उरलेल्या दहा पानांवर रानटी जनावरे आहेत. हत्तीचा राजा मनुष्य, गडाचा राजा मनुष्य, अरण्याचा राजा मात्र पशू. महसुलाच्या हिशेबात ज्या अरण्यातील माणसे हजारांनी मोजली गेली, त्याच अरण्यातून चित्रकाराच्या पानावर ती नाहीशी झाली. चित्रांपुरते बोलावयाचे तर येथे उच्चनीचता आहे, हे नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो नावांचा. इंग्रजी भाषांतराच्या परंपरेत बेशबर म्हणजे ‘बलवान’ आणि कमबर म्हणजे ‘दुर्बल’ असे अर्थ रूढ झाले, आणि तेच पुढे देशी भाषांतील लेखनात उतरले. शब्दांची घडण पाहता हा अर्थ समाधानकारक वाटत नाही. ‘बेश’ म्हणजे अधिक व ‘कम’ म्हणजे उणे. मराठीतील ‘कमीबेशी’ या जोडशब्दात हीच दोन पदे आहेत. ‘बर’ हे नेणे, वाहणे या अर्थाच्या ‘बुर्दन’ धातूचे रूप असून ‘पैगंबर’ या शब्दात तेच आढळते. हा धातू फारसीत खेळ जिंकणे या अर्थीही योजला जातो. तेव्हा ज्यात अधिक अंक जिंकतो तो बेशबर, आणि ज्यात उणा अंक जिंकतो तो कमबर, असा या नावांचा सरळ उलगडा होतो. ही नावे रंगाच्या बळाविषयी काही सांगत नसून त्या रंगातील अंकांच्या क्रमाविषयी सांगतात.

खेळाचा नियम या उलगड्यास पुष्टी देतो. प्रत्येक रंगात राजा श्रेष्ठ, त्याखालोखाल वजीर. त्यानंतर निम्म्या रंगांत दश्शी मोठी व एक्का सर्वांत लहान. उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा व दश्शी सर्वांत लहान. १४४ पानांच्या संचात अंकांची १२० पाने असतात. त्यांपैकी ६० चढत्या क्रमाने व ६० उतरत्या क्रमाने मोजावी लागतात. आता या खेळात आजच्या पत्त्यांप्रमाणे हुकमाचा रंग नाही. उतारी ज्या रंगाची, त्याच रंगाचे वरचढ पान हात जिंकते. एका रंगाचे पान दुसऱ्या रंगाच्या पानास मारू शकत नाही. बनपतीची उतारी झाली असता गजपतीचा राजासुद्धा हात घेऊ शकत नाही. असे असताना सहा रंग बलवान व सहा दुर्बल या विधानास खेळाच्या दृष्टीने अर्थच उरत नाही.

एका रंगास मान आहे तो आरंभाच्या उतारीपुरता, आणि तोही वेळेवर अवलंबून. आठ रंगांच्या, ९६ पानांच्या मोगल गंजिफ्यात दिवसा सुर्ख, म्हणजे सोन्याचे नाणे, आणि रात्री सफेद, म्हणजे चांदीचे नाणे, यांपासून खेळ सुरू होतो. दहा रंगांच्या, १२० पानांच्या दशावतारी गंजिफ्यात दिवसा राम व रात्री कृष्ण यांस हा मान मिळतो. चित्रे बदलली, दरबाराच्या जागी अवतार आले. परंतु दोन उलट क्रमांची योजना आणि दिवस-रात्रीचा संकेत ही चौकट टिकून राहिली. ‘हुकूम’ या शब्दाचा प्रवासही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. गंजिफ्यात, त्या घटकेस एखाद्या रंगाची जी पाने शिल्लक असतील त्यांतील सर्वांत वरच्या पानास हुकूम म्हणत. राजा व वजीर खेळून गेले की कमबर रंगाचा एक्का हुकूम होई. हुकूम ही तेव्हा पानाची अवस्था होती. ५२ पानांच्या खेळात ती रंगाची सत्ता झाली. आजचा हा अर्थ जुन्या खेळावर लादल्यामुळेच ‘प्रबळ रंग’ ही कल्पना इतकी स्वाभाविक वाटू लागली असावी.

सोस्यूरने भाषाव्यवस्था स्पष्ट करताना बुद्धिबळाचा दृष्टांत दिला, तो सर्वश्रुत आहे. सोंगटीचे मूल्य तिच्या लाकडात नसून तिच्या परस्परसंबंधांत असते, हे त्याचे तात्पर्य. गंजिफ्याचा दृष्टांत याहून एक पाऊल पुढे जातो. येथे एकच चिन्ह, एकच दश्शी, एका रंगात जवळजवळ शिखरावर आणि दुसऱ्या रंगात अगदी तळाशी असते. चिन्हाकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी हे कळणार नाही. त्यासाठी नियमच ठाऊक असावा लागतो.

नेमकी हीच गोष्ट आज दुर्मिळ होत आहे. सावंतवाडीस शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यातच ही कला पुन्हा उभी केली, म्हणून लाखेचा मुलामा दिलेली ती गोल पाने आज पाहावयास मिळतात. चंद्रपूरला लागून असलेल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील निर्मळ हेही गंजिफ्याचे एक नावाजलेले केंद्र होते. परंतु संच विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची दृष्टी चित्रावरच स्थिरावते; पाने चौकटीत बसवून भिंतीवर लावली जातात. भिंतीवरच्या दहा पानांत कोण वरचढ, याचे उत्तर पाहणारा आपल्या समजुतीप्रमाणे देतो, आणि ती समजूत बव्हंशी ५२ पानांच्या खेळातून आलेली असते.

गोंडी, माडिया, कोलामी या भाषांचे शब्दसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यांना हा धोका अपरिचित नाही. शब्द हाती येतात आणि त्यांना चालविणारी व्यवस्था मागे राहते. मग ती रिकामी जागा संग्राहकाच्या स्वतःच्या भाषेने भरली जाते. बेशबर-कमबर यांच्या बाबतीत असेच घडले. अबुल फज्लच्या चित्रकाराने अरण्यातील माणसे वगळली, हा त्या चित्राचा दोष खरा. परंतु अरण्याचा रंग दुर्बल ठरविला तो खेळाने नव्हे, नंतरच्या वाचकांनी. खेळाचा नियम एवढेच सांगतो की बनपतीच्या घरी एक्का दश्शीला जिंकतो.