मौनाचा चित्रपट आणि व्रताचे आयुष्य

मठातील दिनक्रम पडद्यावर आणणे अवघड, कारण तेथे बाह्यतः काही घडतच नाही. जर्मन दिग्दर्शक फिलिप ग्रोनिंग यांनी 'इंटू ग्रेट सायलेन्स' (२००५) या चित्रपटात हे काम पत्करले आहे. संत ब्रुनो यांनी १०८४ साली फ्रान्समधील आल्प्स पर्वतात स्थापिलेल्या ग्रांद शार्त्रूझ या कार्थुसियन मठाकडे त्यांनी १९८४ मध्ये परवानगी मागितली. होकार यावयास सुमारे सोळा वर्षे लागली. मग कॅमेरा घेऊन ते एकटेच तेथे राहिले. चित्रपटात निवेदन नाही, पार्श्वसंगीत नाही, कृत्रिम प्रकाशही नाही.

पावणेतीन तासांच्या या अवधीत आपण पाहतो ते इतकेच: मध्यरात्रीची उपासना, खोलीच्या झरोक्यातून दिले जाणारे जेवण, झग्याचे कापड बेतणारा बंधू, वृद्ध मठवासीयाच्या अंगाला मलम चोळणारे हात. बोलण्याची मुभा मिळताच हात धुण्याच्या प्रथेवर रंगणारी चर्चाही येते. क्षुल्लक कामाला प्रार्थनेइतकाच अवसर देणे, हे या कृतीचे खरे यश होय.

तरीही आमचा एक आक्षेप आहे. हिमवर्षाव आणि खिडकीतला उजेड इतका देखणा आहे की मौन हे निसर्गदृश्यच भासू लागते. दिग्दर्शक काही महिन्यांनी परतले; मठवासी मात्र त्याच भिंतींत, त्याच बंधूंसमवेत मरेपर्यंत राहावयाचे आहेत. कंटाळा, शेजाऱ्याविषयीची अढी, कोरडी पडलेली प्रार्थना यांचे दर्शन येथे जवळजवळ नाही. संकलकाची कात्री जेथे चालते, नेमके तेथूनच व्रतस्थ जीवन सुरू होते.

अखेरीस एक अंध वृद्ध मठवासी बोलतो. मृत्यूचे भय त्याला नाही, आणि आपल्या अंधत्वाबद्दलही तो देवाचे आभार मानतो. त्या चेहऱ्यावर मात्र कात्रीने गाळलेली सारी वर्षे दिसतात.

पाचारणाच्या शिबिरांत हा चित्रपट अवश्य दाखवावा. परंतु नंतरची चर्चा टाळू नये. तरुणांपुढे आपण नेहमी हिमाचे दृश्य मांडतो आणि उरलेले वर्ष झाकून ठेवतो. या दोषातून आम्हीही मुक्त नाही. पुढे कोणी व्रत सोडून निघाला की त्याच्या निष्ठेला बोल लावण्यापूर्वी, आपण त्याला काय दाखवून बोलाविले होते, हे आठवावे.