थोरला भाऊ

दिवाळीच्या फराळाबरोबर पश्चात्तापाचा विषय वाढावा काय, असे कोणी विचारील. परंतु ज्या गोष्टीविषयी मला लिहावयाचे आहे ती घरी परत येण्याची आणि जेवणावळीची गोष्ट आहे. तेव्हा सणाच्या पानांत ती परकी वाटू नये. लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला, असे तिचे रूढ नाव. माझ्या मते हे नावच वाचकाला चकवते.

धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच हिस्सा मागतो, दूरदेशी जाऊन तो उडवतो, दुष्काळात डुकरे राखतो आणि अखेर निदान मजूर म्हणून तरी ठेवून घ्या, असे म्हणण्याचा निश्चय करून परततो. बाप त्याला लांबूनच पाहतो, धावत जाऊन मिठी मारतो, उंची झगा, अंगठी आणि जोडे देऊन मेजवानी मांडतो. आमच्या पातुरात हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. जित्या बापाकडे वाटणी मागणे म्हणजे काय, हे इथे बांधाबांधावर ठाऊक आहे. म्हाताऱ्या शेतकऱ्याने गावादेखत धावत सुटावे यातली लाज आणि माया, दोन्ही इथे कळतात.

‘पश्चात्ताप’ या आपल्या शब्दात मागाहून होणारी जळजळ आहे. मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ याचा अर्थ मन पालटणे असा आहे. धाकट्याला जळजळ किती झाली, हे येशू सांगत नाही. पोटात भूक होती एवढे सांगतो आणि मग त्याचे पाय घराकडे वळवतो. अश्रूंचे माप न घेता बाप त्याला पदरात घेतो. इथेच ‘करावे तसे भरावे’ या न्यायात वाढलेला आपला वाचक अडखळतो. क्षमा इतकी स्वस्त असेल, तर नेकीने राबणाऱ्याने काय करावे?

हाच सवाल थोरला भाऊ विचारतो, आणि कथेचे खरे मर्म मला तेथे दिसते. तो शेतातून येतो, गाणेबजावणे ऐकतो आणि घरात पाऊल टाकावयास नकार देतो. इतकी वर्षे आज्ञा मोडली नाही, पण मित्रांबरोबर मौज करावयाला एक करडूही मिळाले नाही, अशी त्याची तक्रार. धाकट्याला तो भाऊ म्हणत नाही. बापाचा मुलगा म्हणतो. बाप आपल्या उत्तरात ‘तुझा भाऊ’ हे शब्द हळूच परत ठेवतो.

बाप आणखी एक गोष्ट सांगतो : जे माझे आहे ते सर्व तुझेच आहे. म्हणजे वाटणी पुन्हा होत नाही, उडवलेला हिस्सा भरून मिळत नाही. धाकट्याला मिळते ते नाते. थोरल्याचे वितभर शेतही जात नाही. मग त्याचे गेले काय? गेला तो हिशेब, ज्याच्या आधारावर तो इतकी वर्षे राबला. मराठीत ‘ऐकणे’ याचे दोन अर्थ आहेत : कानांनी ऐकणे आणि सांगितलेले करणे. थोरल्याने दुसरे चोख केले. पण बाप स्वतः बाहेर येऊन विनवतो तेव्हा तो पहिल्यालाही तयार दिसत नाही. जकातदारांच्या आणि पापी म्हटल्या गेलेल्यांच्या पंक्तीला येशू बसतो म्हणून कुरकुरणाऱ्या धर्मनिष्ठांपुढे हा दाखला सांगितला गेला. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेच नाही. उत्तर ऐकणाऱ्यांनी द्यावयाचे होते.

हे अपुरे उत्तर मला मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त भेटले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. टिळक काही उधळे पुत्र नव्हेत. ते श्रद्धेपायी गेले. पण मागे राहिलेल्या पत्नीच्या वाट्याला थोरल्याचीच जागा आली : धर्म तिने पाळलेला, घर तिने सांभाळलेले आणि दुःखही तिलाच. काही वर्षे ती वेगळी राहिली. मग नगरला पतीकडे आली ती आपले सोवळे घेऊन. तिचा बाप्तिस्मा १९०० सालचा. नवऱ्याच्या आज्ञेने तो झाला नाही, आतून मन पालटत गेले तसा झाला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या आत्मचरित्रात टिळकांचा संताप आणि विक्षिप्तपणा लपवलेला नाही, पण त्यांची वसुलीही केलेली नाही. जिथे दुसरा लेखक क्षमेवर प्रवचन देता, तिथे लक्ष्मीबाई हसतात. चूक स्पष्ट दिसत असून तिच्याकडे पाहून हसता येणे, ही क्षमेची माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण आहे. १९१९ साली टिळक वारले तेव्हा अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी पुढे नेले.

ख्रिस्ती श्रद्धा मानणाऱ्याने या दाखल्यात ईश्वर पाहावा. न मानणाऱ्याने निदान बाप पाहावा. सणाला आपल्याही घरी कोणी उशिरा, कोणी रिकाम्या हाताने येते. आलेल्याला ताट वाढणे सोपे असते. कठीण असते ते, इतके दिवस घर धरून बसलेल्याने उठून त्याच्या शेजारी पाट मांडणे.