६६ दिवसांचं मूळ

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी होस्टेलच्या भिंतीवर ६६ चौकोन आखले होते. पहाटे पाचला उठले की एक चौकोन रंगवायचा, ६६ झाले की सवय पक्की, असं गणित कुठेतरी ऐकलं होतं. एकोणिसाव्या दिवशी चुकले आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले. असं तीनदा झालं. शेवटी ‘आपल्यात जिद्दच नाही’ म्हणून कागद फाडून टाकला. आकडा कुठून आला, हे तपासायचं काही सुचलं नाही. चूक ती होती.

हाच आकडा रॉबिन शर्मा यांच्या ‘द ५ एएम क्लब’ (२०१८) या पुस्तकाचा कणा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते वाचलं असेल. त्यात आधार दिलाय युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधनाचा. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा तो शोधनिबंध २०१० साली ‘युरोपियन जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी’च्या अंकात आला. तो उघडून वाचला की चित्र बदलतं.

स्वयंसेवक होते ९६, प्रयोग १२ आठवड्यांचा. त्यातल्या ३९ जणांच्याच नोंदी संशोधकांच्या गणिती प्रारूपाशी नीट जुळल्या. ६६ हा त्या नोंदींवरून काढलेला मध्यक. म्हणजे निम्म्यांचा आकडा त्याहून मोठा! आवाका होता १८ ते २५४ दिवस. आता प्रयोगच ८४ दिवसांचा, मग २५४ आले कुठून? वक्र पुढे वाढवून काढलेला तो अंदाज आहे.

बरं, मोजलं काय? खाणं, पिणं, व्यायाम अशा रोजच्या साध्या कृती. जेवताना पाणी पिणं, वगैरे. अभ्यासाचा विषय झोप नव्हता. हा फरक मोठा आहे. पाण्याचा पेला उचलणं तुमच्या हातात असतं, झोप लागणं नसतं. किती वेळ जागे आहात त्यानुसार वाढत जाणारी झोपेची ओढ आणि शरीरातलं घड्याळ, या दोन्हींवर झोप ठरते. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेलं हे प्रारूप आजही वापरात आहे. शिवाय टिल रॉनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की उशिरा झोपण्याकडे असलेला कल साधारण विसाव्या वर्षाच्या आसपास सर्वात जास्त असतो. म्हणजे रीडिंग रूममधून बाराला परतणाऱ्या बाविशीतल्या मुलाने पाचचा गजर लावला, तर सवय लागायच्या आधी झोपच तुटते.

पुस्तकाला श्रेय द्यायला हवं. २१ दिवसांत सवय लागते या भाबड्या समजुतीपेक्षा ते पुढे गेलंय. ठरावीक वेळी तेच काम करा हा सल्लाही शोधनिबंधाशी जुळतो. पण मध्यकाची मुदत करून टाकली, तिथे घोटाळा झाला. आणि त्याच शोधनिबंधात असंही आहे की एखादी संधी हुकल्याने सवय घडण्यात फारसा फरक पडत नाही. माझं तीनदा एकपासून मोजणं फुकट गेलं ते यामुळे.

मग लवकर उठायचं कसं? आधी सात तासांचा हिशेब मांडा. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. काही दिवसांनी ती पंधरा मिनिटं अलीकडे आणा, झोपायची वेळही तेवढीच. उठल्यावर लगेच गच्चीत किंवा अंगणात उजेडात जा, घड्याळ मागे सरकायला उजेडाची मदत होते. मी सध्या साडेसहाला उठते आणि माझं बरं चाललंय.

आणि उद्या तुमच्या संशोधन प्रस्तावात असा एखादा गोंडस आकडा लिहाल, तेव्हा मूळ निबंध उघडून चार गोष्टी बघा: माणसं किती, मोजलं काय, आकडा सरासरीचा की मध्यकाचा, आणि आवाका केवढा. तोंडी परीक्षेत कुणी विचारण्याआधी स्वतःच विचारलेलं बरं.