भिंतीआडचे गाणे

गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये अंतर किती असावे, हा प्रश्न आमच्या संगीतविचारात फारसा चर्चिला गेला नाही. कारण मैफलीत तो उद्भवतच नसे. गवई बैठकीवर आणि श्रोते हाताच्या अंतरावर. एखाद्या जाणकाराची मान हलली की ती गवयास दिसे आणि त्यावरून पुढची जागा सुचे. संगीत नाटकाच्या मंडपात माणसांची दाटी असली, तरी ‘वन्स मोअर’ची हाक रंगमंचापर्यंत पोहोचे आणि तिला तेथून उत्तरही मिळे. पाश्चात्त्य देशांतील रॉक संगीताच्या वाट्याला मात्र निराळीच स्थिती आली. विजेने आवाज वाढविला, वाढलेल्या आवाजाने समुदाय वाढला, आणि समुदाय मावेना म्हणून गाणे क्रीडांगणात गेले. तेथे हजारो माणसे एकत्र आली खरी. पण ज्याच्यासाठी आली तो त्यांना बोटभर दिसू लागला, आणि त्याला तर ती मुळीच दिसेनाशी झाली.

इंग्लंडमधील ‘पिंक फ्लॉइड’ या वाद्यवृंदाने हीच स्थिती विषय म्हणून घेतली आणि १९८० व १९८१ या दोन वर्षांत ‘द वॉल’ या आपल्या ध्वनिमुद्रिकेचे प्रयोग केले. त्या प्रयोगांचे ध्वनिमुद्रण २००० साली प्रसिद्ध झाले. ते ऐकून, आणि प्रयोगांविषयी नमूद झालेली माहिती त्याच्याशी ताडून आमचे जे मत झाले, ते येथे मांडीत आहोत.

या उपक्रमाचे मूळ एका लाजिरवाण्या प्रसंगात आहे. ‘ॲनिमल्स’ ही त्यांची मुद्रिका जानेवारी १९७७ मध्ये निघाली आणि रीतीप्रमाणे तिच्या मागोमाग दौरा निघाला. ६ जुलै १९७७ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे ऑलिंपिक क्रीडांगणात त्या दौऱ्याचा अखेरचा जलसा झाला. गर्दीत आरडाओरड चालली होती, फटाके उडत होते. वृंदातील प्रमुख कवी व गायक रॉजर वॉटर्स यांचा संयम सुटला आणि पुढे रेटत आलेल्या एका चाहत्यावर ते थुंकले. नंतर त्यांना स्वतःचीच किळस आली. आपण आणि श्रोते यांच्यामध्ये एक भिंतच उभारावी, ही कल्पना या शरमेतून निघाली. कलावंताच्या रागातून कलाकृती निघाल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतात. स्वतःच्या हीनपणाच्या जाणिवेतून निघालेली थोडी. या मुद्रिकेविषयी आम्हांस आस्था वाटते ती प्रथम याच कारणाने.

३० नोव्हेंबर १९७९ रोजी दोन तबकड्यांच्या संचात ही मुद्रिका प्रसिद्ध झाली. तिचा नायक ‘पिंक’ नावाचा एक गायक आहे. त्याचा बाप युद्धात पडला आहे. आईने अतिमायेने त्याला कोंडले, मास्तरांनी शाळेत ठेचले, पुढे संसार मोडला. प्रत्येक दुःखाची एकेक वीट रचीत तो शेवटी स्वतःच्या भिंतीआड बंद होतो. वॉटर्स यांचे वडील १९४४ साली इटलीतील ॲन्झिओच्या लढाईत मारले गेले, हे ध्यानी घेतले म्हणजे यातील कळवळा उसना नाही हे पटते. तरीही केवळ तबकडी ऐकणारास एक शंका येते. कीर्ती आणि संपत्ती भोगणाऱ्या माणसाचे हे गाऱ्हाणे आपण का ऐकावे? साहित्यशास्त्रात ज्यास साधारणीकरण म्हणतात, ते येथे पुरते घडत नाही. दुःख त्याचेच राहते. आमचे म्हणणे असे की, हे अपुरे काम प्रयोगाने पूर्ण केले.

प्रयोगात अख्खी मुद्रिका क्रमाने सादर होई. आरंभी एक सूत्रधार येऊन रटाळ सूचना देऊ लागे, त्याचे बोलणे संपण्यापूर्वीच वाद्ये गर्जत आणि वृंद प्रकट होई. लोक जयजयकार करीत. थोड्या वेळाने उजेड पडला की कळे, हे चौघे ते नव्हेतच. त्यांचे मुखवटे घातलेले दुसरेच वादक आहेत. खरे चौघे मागे उभे आहेत! ही थट्टा क्रूर आहे खरी, पण खोटी नाही. इतक्या अंतरावरून मुखवटा आणि मुख यांत भेद उरत नाही, हे सिद्ध करण्यास व्याख्यानाची गरज पडली नाही.

मग गाणी चालू असतानाच कामगार रंगमंचावर पुठ्ठ्याच्या मोठमोठ्या पांढऱ्या विटा रचू लागत. आमच्या रंगभूमीवर पडदा वर गेला म्हणजे नाटक सुरू होते. येथे नाटक सुरू झाल्यावर पडदाच जमिनीपासून वर चढत जाई. एकेक वादक दिसेनासा होई. भिंत चाळीस फूट उंच व्हावयाची असे. गवंड्यांचा वेग आणि गाण्याचा वेग दर रात्री जुळेच असे नाही. म्हणून गेलेल्या गाण्यांच्या सुरावटी गुंफून एक वाद्यसंगीताचा तुकडा घालण्यात आला, आणि काम जेवढे मागे असेल तेवढा तो लांबविला जाई. ‘शेवटच्या काही विटा’ अशा अर्थाचे नाव देऊन तो ध्वनिमुद्रणातही घेतला आहे. तो ऐकताना आम्हांस विशेष आनंद झाला. जेथे सारे काही यंत्राच्या मापात बसविलेले, तेथे एवढी एक जागा माणसाच्या हातांची वाट पाहते. अखेर एका विटेएवढी फट राहते, तीतून वॉटर्स निरोपाचे गीत गातात, ती वीटही बसते आणि मध्यंतर होते.

मध्यंतरानंतर जे घडे, ते या प्रयोगाचे मर्म होय. समोर केवळ पांढरी भिंत, आणि वृंद तिच्या पाठीमागे वाजवीत आहे. पैसे देऊन, कित्येक तर दूरदेशीहून आलेल्या माणसांनी कोरी भिंत पाहावी आणि तिच्या आडून येणारी साद ऐकावी, असा हा प्रसंग. तबकडीवर या गाण्यात एकाकी माणूस बाहेरच्यांना हाक मारतो एवढेच कळते. येथे श्रोता स्वतःच भिंतीबाहेर असतो. त्याला हाक ऐकू येते आणि काहीच करता येत नाही. गाऱ्हाणे नायकाचे होते, त्यातील वंचना आता श्रोत्याची झाली. साधारणीकरण घडते ते या ठिकाणी, शब्दांच्या बळावर नव्हे तर बसल्या जागेच्या बळावर.

दुसरी जागा ‘कम्फर्टेबली नम्ब’ या गीताची. भिंतीपुढे वॉटर्स वैद्याच्या वेषात उभे. आणि ध्रुवपदाच्या वेळी अवचित भिंतीच्या माथ्यावर, पाठीमागून आलेल्या प्रकाशात, डेव्हिड गिल्मर गाताना व गिटार वाजविताना दिसतात. त्या वाद्यात आक्रोश आहे, तसा संयमही आहे. स्वर लांबतो, वाकतो, पण तोल जात नाही. भिंत न फोडता तिच्यावरून पलीकडे जाणारी एकच वस्तू या प्रयोगात आहे, आणि ती म्हणजे सूर. प्रयोगकर्त्यांनी हे सूत्र शब्दांत कोठेही सांगितलेले नाही, म्हणूनच ते मनात राहते.

आता दोषांकडे वळू. व्यंगचित्रकार जेराल्ड स्कार्फ यांची भिंतीवर पडणारी चलत्चित्रे आणि त्यांच्या रेखाटनांवरून केलेल्या हवा भरलेल्या अजस्र बाहुल्या, मास्तर, आई, बायको, नजर खिळवितात यात शंका नाही. पण या बाहुल्यांना स्वतःची बाजू नाही. विशेषतः दोन्ही स्त्रिया नायकास गिळणाऱ्या राक्षसिणीच ठरतात. जो नायक इतरांना माणूस म्हणून पाहू शकत नाही, त्याच्या एकाकीपणाचे दायित्व थोडे तरी त्याच्यावर यावयास हवे होते. शेवटी खटला भरतो, त्यात हा हिशेब व्हावा अशी अपेक्षा उत्पन्न होते. त्यापूर्वीच्या अर्ध्या मिनिटाच्या गाण्यात तो स्वतःच्या अपराधाविषयी एक प्रश्न विचारतोही. पण उत्तर शोधण्यापूर्वीच न्यायाधीश भिंत पाडण्याची आज्ञा देतो आणि ती कोसळते. कोसळणे नेत्रदीपक होते. विटा श्रोत्यांवर न पडता ठराविक रीतीने ढासळाव्यात, यासाठी मार्क फिशर आणि जोनाथन पार्क यांनी केलेली योजना त्यांच्या कौशल्याची साक्ष देते. नाट्यदृष्ट्या मात्र ही भिंत यंत्राने पडली, नायकाने पाडली नाही. त्यानंतर सर्व वादक साधी, विजेवाचून वाजणारी वाद्ये घेऊन विटांच्या ढिगाऱ्यासमोरून गात जातात. तो लहानसा शेवट आम्हांस त्या गडगडाटाहून फार मोलाचा वाटला.

या दौऱ्याची व्यावहारिक बाजूही त्याच्या आशयाचाच भाग आहे. सामग्री इतकी अवजड की ती गावोगाव नेणे शक्य नव्हते. लॉस एंजेलिस येथे सात, न्यूयॉर्कजवळ युनियनडेल येथे पाच, लंडनला सहा, जर्मनीतील डॉर्टमुंडला आठ आणि पुन्हा लंडनला पाच, असे अवघे ३१ प्रयोग झाले. फिलाडेल्फियाच्या क्रीडांगणात प्रयोग करावा म्हणून मोठ्या रकमेचे बोलावणे आले असता वॉटर्स यांनी ते नाकारले. ज्या क्रीडांगणांविरुद्ध हे नाटक रचले, तेथेच ते कसे करावयाचे? दौरा तोट्यात गेला. यातील विपर्यास असा की, की-बोर्डवादक रिचर्ड राइट यांना मुद्रणाच्या काळातच वृंदाबाहेर काढण्यात आले होते आणि या दौऱ्यात ते पगारी वादक म्हणून होते. तेव्हा तोटा तिघांनी सोसला आणि कमाई एकट्या राइट यांची झाली. दुराव्यावर नाटक करणाऱ्यांच्या आपसातही वीट बसलीच होती. १७ जून १९८१ च्या लंडनच्या प्रयोगानंतर हे चौघे एकत्र वाजविताना दिसले ते थेट २ जुलै २००५ रोजी.

वॉटर्स यांनी पुढे हे नाटक एकट्याच्या नावावर पुन्हा उभे केले. २१ जुलै १९९० रोजी बर्लिनमध्ये, खरी भिंत फुटल्यानंतर आठ महिन्यांनी, लाखोंच्या समुदायापुढे ते झाले. आणि २०१० ते २०१३ या काळात जगभर फिरून शेवटी क्रीडांगणांतही गेले. या उत्तरप्रयोगांत भिंतीवर युद्धांत बळी पडलेल्यांची छायाचित्रे दाखविली जात. एका माणसाचे गाऱ्हाणे अनेकांच्या शोकाशी जोडले गेले, ही वाढ आम्ही मानतो. परंतु त्याबरोबर भिंतीचा धर्म बदलला. जी अडवीत होती ती दाखवू लागली. भव्य चित्रफलक म्हणून लोक तिच्याकडे आनंदाने पाहू लागले. १९८० च्या श्रोत्यास कोऱ्या भिंतीपुढे जे अस्वस्थपण आले असेल, ते नंतरच्या श्रोत्यास येण्याचे कारण उरले नाही.

आमच्याकडील संगीतमहोत्सवांतही आता गवयाचा चेहरा फलकावर पाहण्याची सवय झाली आहे. त्यात सोय आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण गवयाला आमचा चेहरा दिसत नाही, हे आम्ही हळूहळू विसरत चाललो आहोत. ‘द वॉल’चा पहिला दौरा सदोष होता, कित्येक ठिकाणी आत्मकरुणेने माखलेला होता, तरी त्याने ही उणीव झाकली नाही, ती विटांनी रचून सर्वांसमोर उभी केली. त्यापायी पदरमोड केली आणि अधिक मिळकतीचे बोलावणे परत पाठविले. एवढ्यासाठी तरी रसिकांनी ते ध्वनिमुद्रण एकदा सलग, मध्यंतरासह ऐकावे असे आम्ही सुचवितो.