बेगडाचे मोल : सजविलेली नाट्यचित्रे आणि झाडीपट्टीचा प्रेक्षक

प्रस्तावना

मराठीत ‘बेगड’ म्हणजे चकचकीत धातूचा पातळ पत्रा आणि ‘बेगडी’ म्हणजे खोटे. या अर्थच्छटेची छाया समीक्षेवरही पडलेली दिसते. छापील चित्रावर बेगड, जर, टिकल्या वा कापड लावून ते सजविण्याच्या छंदाची गणना सहसा फावल्या वेळच्या करमणुकीत होते. वस्तुतः असे चित्र म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्या हाताने नोंदविलेली प्रतिक्रिया होय. झाडीपट्टी रंगभूमीच्या संदर्भात या छंदाचे मोल तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन परंपरा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये नटांची भूमिकेतील चित्रे साधी एका पेनीला व रंगविलेली दोन पेनींना मिळत. एडमंड कीनसारख्या नटाचे चित्र घरी आणून त्यावर ठशाने पाडलेले बेगडाचे तारे, ठिपके आणि साटीन चिकटविले जाई. चिलखत व तलवार झळाळून उठे. चेहरा मात्र कागदाचाच राही.

महाराष्ट्रात याचे जवळचे उदाहरण राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांचे आहे. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. या चित्रांतील देवदेवता व पौराणिक नायिका घरोघरी पोहोचल्या. काही प्रतींवर रेशीम, जर, टिकल्या व मणी जडविले गेले. येथेही चेहरा व हात छापलेले, वस्त्र तेवढे खरे.

साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा आहे. लंडनच्या चित्रात नट नावानिशी उभा असतो. रविवर्म्यांच्या चित्रात भूमिका असते, नट नसतो. तथापि किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले आणि १९०५ मध्ये मिरजेत बालगंधर्व शकुंतला झाले. या काळात मराठी प्रेक्षकाला एकच नायिका रंगमंचावर आणि भिंतीवर भेटत होती. अर्थात, चित्रावर जर लावण्यामागे केवळ नाट्यप्रेम मानणे एकांगी ठरेल. देवमूर्तीला वस्त्र नेसविण्याचा संस्कारही त्यामागे आहे. भक्ती व रसिकता यांची ही सरमिसळ हेच मराठी परंपरेचे वैशिष्ट्य होय.

झाडीपट्टीचा संदर्भ

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत दिवाळीनंतर झाडीपट्टीचा नाट्यहंगाम सुरू होतो. शंकरपट व मंडईच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. वडसा हे नाट्यमंडळांचे केंद्र आहे. येथील जाहिरात-फलकांवर नटनट्यांची छायाचित्रे असतात. म्हणजे लंडनच्या चित्राप्रमाणे नटाचा चेहरा पुन्हा कागदावर आला आहे. परंतु हे चित्र रंग व झगमगाट यांसह छापखान्यातूनच पूर्ण होऊन येते. प्रेक्षकाच्या हाताला त्यात काही करावयाचे उरत नाही. शिवाय प्रयोग संपला की फलकाचे कामही संपते. घरी सजविलेले चित्र चौकटीत जपले जाते, फलक मात्र ऊन-पावसात विरतो.

निष्कर्ष

नाट्येतिहास संहिता, नाटककार व नट यांच्यावर उभा राहतो. प्रेक्षक त्यात क्वचितच दिसतो. सजविलेल्या चित्रात तो दिसतो, म्हणून ते बेगडी नव्हे, अस्सल साधन आहे. झाडीपट्टीत असा ठेवा प्रेक्षकाच्या हातून घडण्याची वाट आता अरुंद झाली आहे. तेव्हा परिसरातील महाविद्यालयांनी नाटकांचे फलक व हस्तपत्रके गाव, तिथी व मंडळाच्या नोंदीसह जतन करणे अगत्याचे आहे. अन्यथा एवढ्या मोठ्या रंगभूमीचा प्रेक्षक उद्याच्या अभ्यासकाला केवळ गर्दी म्हणूनच ठाऊक राहील.