हूपरच्या फोटोत जमीन कुठं आहे?

1876-78 च्या दुष्काळावर मराठीत काही लिहून आलं की सोबत हमखास एक फोटो येतो. हाडांचा सापळा झालेली माणसं, ओळीनं बसवलेली. खाली कधी सोलापूर, कधी विजापूर, आणि आता तर ‘बेळगाव जिल्हा’ असंही वाचायला मिळतं.

हे फोटो आपल्याकडचे नव्हेत. मद्रास फौजेतल्या विलोबी वॉलेस हूपर या अधिकाऱ्यानं ते मद्रास इलाख्यात काढले. बेळगाव, धारवाड, कलादगी तेव्हा मुंबई इलाख्यात होते.

पण माझी तक्रार नुसत्या गावाच्या नावाची नाही. दुष्काळ पडतो तो आधी शिवारात. हूपरच्या बहुतेक फोटोंत शिवारच नाही. भेगाळलेलं रान नाही, आटलेली विहीर नाही, धान्याचं कोठार तर नाहीच. माणसं आहेत, तीही घोळका करून मांडलेली. त्या काळी प्लेटवर चित्र उमटायला वेळ लागायचा, आणि उपाशी माणूस फार हलत नाही. एका फोटोला ‘फुकट मदतीला लायक’ अशा अर्थाचं नाव आहे. म्हणजे लायकी ठरवणारा कॅमेऱ्यामागं उभा! ‘कळपातलं शेवटचं’ या नावामुळं गुराढोरांची निदान आठवण तरी होते. (याच हूपरवर 1886 त ब्रह्मदेशात, गोळ्या घालून मारल्या जाणाऱ्या कैद्यांचे फोटो काढल्याबद्दल चौकशी बसली होती.)

याच्या उलट टोक गढवालात दिसतं. 1893 त तिथं डोंगर कोसळून बिरही गंगा अडली, गोहनाचं तळं झालं. भूगर्भ सर्वेक्षणाच्या हॉलंडनी काढलेल्या फोटोंत डोंगर कुठून सुटला, पाणी कुठं तुंबलं, हे समजतं. तिथं माणूस नगण्य, पण आपत्ती कशी घडली ते कळतं. हूपरच्या फोटोत ती घडतच नाही, नुसती अंगावर दिसते.

आपल्या भागातला दुष्काळ फोटोपेक्षा कागदात जास्त सापडतो. जानेवारी 1877 त टेंपलनी दुष्काळी कामावरची मजुरी दिवसाला पौंडभर धान्याच्या हिशोबावर आणली, मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारकडं पत्रं धाडली. 1881 च्या खानेसुमारीत बेळगाव जिल्ह्याची वस्ती 1872 पेक्षा कमी भरली. हे छापायला चित्र नाही म्हणून मद्रासची माणसं उसनी आणायची?

मंडळाच्या पानावर हूपर जरूर असावा, पण खाली ‘मद्रास इलाखा’ असं लिहून. आणि 2005, 2019 च्या दूधगंगेच्या पुराचे जे फोटो घराघरांतून जमा होतायत, त्यातल्या प्रत्येकामागं तारीख, उभं राहण्याची जागा आणि पाणी कुठल्या पायरीला होतं एवढं आत्ताच लिहून घ्यावं. काढणारे अजून गावात आहेत.