पंचांगाची भिंत

शास्त्रीय निबंधाच्या शीर्षकात प्रश्नचिन्ह क्वचित दिसतं. वर्षानुवर्षं नमुने गोळा करून, आकडेमोड करून, सहकाऱ्यांशी वाद घालून झाला की लिहिणाऱ्याला ठामपणे काहीतरी सांगायचं असतं. क्रिस्टिना पोमिला, हॉवर्ड रोझेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकात मात्र हे चिन्ह आहे. मराठीत ते शीर्षक असं होईल : जगातला सर्वांत तुटलेला आणि वेगळा देवमाशांचा समूह? अरबी समुद्रातले हम्पबॅक.

हा निबंध मी तीनदा वाचला. पहिल्यांदा माहितीसाठी. दुसऱ्यांदा आकडे कळत नव्हते म्हणून. तिसऱ्यांदा केवळ आवडला म्हणून. चांगल्या कथेत जशी एक गाठ शेवटपर्यंत सुटत नाही आणि त्या गाठीपायी आपण पान उलटत राहतो, तशी गाठ इथे आहे. ती अशी की, जो प्राणी जगभर हिंडण्यासाठी प्रसिद्ध आहे, तो आपल्या समुद्रात आला आणि मग हलायचाच का थांबला?

गाठ कळायला आधी हम्पबॅकची रीत माहीत हवी. हा प्राणी तेरा ते पंधरा मीटर लांब, वजनाला पंचवीस-तीस टन. पाठीवर छोटं कुबड, शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश लांबीचे पांढुरके बाहू. उन्हाळ्यात तो ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जाऊन अंगावर चरबी चढवतो आणि हिवाळ्यात विषुववृत्ताकडच्या उबदार पाण्यात जाऊन माजावर येतो, वितो. उबदार पाण्यात खायला फारसं काही नसतं, म्हणून तिथले कित्येक महिने त्या चरबीवरच निघतात. पिल्लाला दूध पाजणारी आईसुद्धा उपाशीच असते. एका ऋतूत पोट आणि दुसऱ्या ऋतूत संसार, आणि दोन्हींच्या मध्ये हजारो किलोमीटरचा प्रवास. एका मादीची नोंद तर अशी आहे की १९९९ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर तिचा फोटो निघाला आणि २००१ मध्ये तीच मादी मादागास्करजवळ दिसली. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर साडेनऊ हजार किलोमीटरांहून जास्त.

अशा जातीत समूहांमधल्या भिंती पातळ असणार, हे ओघाने आलंच. आणि तरीही ओमानपासून आपल्या बाजूपर्यंत पसरलेल्या समुद्रातला एक छोटा समूह ध्रुवाकडे जात नाही. तो इथेच खातो आणि इथेच वितो. निबंध हे दोन-चार ओळींत सांगून पुढे जातो, कारण त्याचा वाचक हे जाणतो. मला मात्र तिथे थांबावंसं वाटतं. माझ्या मते निबंधाचा खरा पाया तिथे आहे, आणि त्या पायाचा आपल्या पावसाशी संबंध आहे.

हम्पबॅक खातो कसा, ते पाहा. क्रिल या कोळंबीसारख्या बारीक जीवांचा किंवा छोट्या माशांचा थवा दिसला की तो वेग घेतो आणि जबडा उघडतो. गळ्याखालच्या चुण्या फुगतात आणि टनांवारी पाणी आत येतं. पण इतकं पाणी आत घेताना त्याचा वेग जवळजवळ संपतो. वाऱ्यात उघडलेली छत्री हाताला मागे ओढते तसं. मग तो जीभ आणि गळा आवळून पाणी वरच्या जबड्याला लोंबणाऱ्या झालरीतून बाहेर ढकलतो, मागे राहिलेला घास गिळतो आणि पुन्हा शून्यापासून वेग घेतो. प्रत्येक घासाला एवढा खर्च. त्यामुळे समुद्रात एकूण अन्न किती आहे याला फारसा अर्थ राहत नाही; ते एका जागी किती दाट आहे यावर सगळं ठरतं. विरळ पाण्यात तोंड उघडणं हा त्याच्यासाठी निव्वळ तोट्याचा सौदा आहे.

उष्ण कटिबंधातल्या समुद्रात असे दाट थवे सहसा मिळत नाहीत. अरबी समुद्र अपवाद ठरतो तो नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यामुळे. जूनमध्ये सोमालियाजवळून येणारा जोरदार वारा ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो आणि वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सारतो. त्याची जागा घ्यायला खालचं थंड, पोषक क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर क्रिल आणि छोटे मासे. हाच वारा पुढे सह्याद्रीवर आदळून कोकणात पाऊस पाडतो. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. समुद्राच्या पलीकडच्या काठाला त्याच वाऱ्याने देवमाशांचं ताट वाढायला घेतलेलं असतं. अंटार्क्टिकाला जावं लागू नये इतकं ते ताट भरतं. मोसमी पावसावर इतकी साहित्यिक शाई आपण खर्च केली आहे, पण त्या वाऱ्याचा हा एक वंशज आपल्या ध्यानात नव्हता.

हे देवमासे इथलेच रहिवासी आहेत, हे कळलं कसं? इथे निबंधाच्या मागे उभी असलेली एक काळी सावली दिसते. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत संघाच्या देवमासे मारणाऱ्या ताफ्याने अरबी समुद्रात शिरून ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताजवळच्या पाण्यात हम्पबॅक मारले. आधीच्या वर्षीचे चार धरून एकूण २४२. ही शिकार बेकायदा होती आणि जगापासून लपवली गेली. त्या ताफ्यांवर काम केलेल्या युरी मिखालेव्ह या जीवशास्त्रज्ञाने १९९७ मध्ये हे आकडे आणि मोजमापं प्रसिद्ध केली. पोटं उघडली तेव्हा त्यांत क्रिल आणि मासे होते. म्हणजे उबदार पाण्यात हे प्राणी उपाशी नव्हते. माद्यांच्या गर्भाशयातल्या पिल्लांची लांबी मोजली गेली. गर्भकाळ सुमारे साडेअकरा महिन्यांचा असतो, त्यामुळे लांबीवरून मागे मोजत गेलं की गर्भ राहिला तो महिना सापडतो. तो निघाला उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यातला.

मारलेल्या आयांच्या पोटातून आलेलं हे ज्ञान आहे. वाचताना हात थबकतो, आणि थबकावा.

आता गाठ सुटायला लागते. अरबी समुद्राचे सर्वांत जवळचे शेजारी म्हणजे दक्षिण हिंदी महासागरातले हम्पबॅक. तेही वीण करायला विषुववृत्ताच्या दिशेने येतात, पण त्यांचा हिवाळा जुलै-ऑगस्टमध्ये. इकडचे माजावर येतात ते जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला. दोन घराण्यांमध्ये डोंगर नाही, वाळवंट नाही, सलग पाणी आहे. आड येतं ते पंचांग. एकाच्या लग्नसराईत दुसऱ्याचा चातुर्मास. ही भिंत पाण्यात कुठेही दिसत नाही आणि तरीही ती पोलादी ठरली.

किती पोलादी, ते जनुकं सांगतात, आणि इथे निबंध त्याच्या ऐन रंगात येतो. मारणं नाही, चिरणं नाही. जिवंत देवमाशाच्या कातडीचा बाणाने टिपलेला छोटा तुकडा पुरतो. असे अरबी समुद्रातले ६७ नमुने. प्रत्येकातून दोन प्रकारचं वाचन. एक, मायटोकाँड्रियाचा डीएनए, जो फक्त आईकडून येतो. आपल्याकडे कुळ बापाकडून सांगतात. इथे आजीच्या आजीपर्यंत जाणारी वाट आईच्या बाजूने आहे. दुसरं, पेशीकेंद्रातल्या डीएनएवरच्या ११ जागा, जिथे अक्षरांचे छोटे तुकडे पुन्हापुन्हा येतात आणि किती वेळा येतात ते प्राण्यागणिक बदलतं. तिथे आई आणि बाप दोघांचीही सही असते. मग हे सगळं दक्षिण गोलार्धातल्या आणि उत्तर पॅसिफिकमधल्या हम्पबॅकशी ताडून पाहिलं.

निष्कर्ष असा : हे मूळचे दक्षिण हिंदी महासागरातले, पण सुमारे ७०,००० वर्षांपासून वेगळे. त्यांच्यातली जनुकीय विविधता दक्षिणेकडच्या नातलगांपेक्षा स्पष्टपणे कमी. आणि दोन वेळा हा समूह अरुंद गळ्यातून गेल्याच्या, म्हणजे त्याची संख्या एकदम कोसळल्याच्या खुणा, एक फार जुनी आणि एक अलीकडची.

ही खूण ओळखतात कशी, तो भाग मला सर्वांत सुंदर वाटला, जरी निबंधात तो कोरड्या कोष्टकांमागे लपलेला आहे. एखाद्या मोठ्या गावाची कल्पना करा. दहा आडनावं घरोघरी आहेत आणि चाळीस आडनावं एकेका घराची. साथ आली आणि गावात थोडीच घरं उरली, तर आधी काय नाहीसं होईल? ती एकेका घराची आडनावं. पण वाटेत भेटलेली दोन माणसं वेगवेगळ्या आडनावांची असण्याचा संभव अजून बराच राहील, कारण मोठी आडनावं शाबूत आहेत. जनुकांचंही तसंच. लोकसंख्या कोसळली की दुर्मीळ प्रकार ताबडतोब जातात. एकाच प्राण्यात आईकडचा आणि बापाकडचा प्रकार वेगळा असण्याचं प्रमाण मात्र सावकाश घटतं. या दोन वेगांमधली तफावत काही पिढ्या टिकते. ती दिसली की समजायचं, साथ फार जुनी नाही.

जनुकं सन सांगत नाहीत. नोव्हेंबर १९६६ असं कातडीच्या तुकड्यावर लिहिलेलं नसतं. पण इतिहासात त्या तारखेची नोंद आहे, आणि वाचक ती जोड घातल्याशिवाय राहू शकत नाही. शिकारीच्या जहाजावरची वही आणि कातडीतली खूण, दोघी एकमेकींना साक्ष देतात.

भाषेबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. संपूर्ण निबंधात लेखक विशेषणं जपून वापरतात. ‘सुमारे’, ‘सूचित होतं’, ‘अंदाज’ हे शब्द पावलोपावली येतात. मात्र इतक्या भटक्या जातीचा एक समूह एवढा काळ वेगळा राहिला, हे सांगताना त्यांच्या तोंडून एकदा ‘विलक्षण’ या अर्थाचा शब्द निघून जातो. बाकीच्या सगळ्या संयमामुळे तो एकटा शब्द घंटेसारखा वाजतो. शीर्षकातल्या प्रश्नचिन्हाचंही तेच. सारांशात लेखक ‘सर्वांत तुटलेला समूह’ हे जवळजवळ विधानच करतात, पण दारावर त्यांनी पाटी लावली आहे ती प्रश्नाची. मला यात भित्रेपणा वाटत नाही. जे मोजलं तेवढंच बोलायचं, याची ही शिस्त आहे, आणि ७०,००० वर्षांबद्दल बोलताना ती शोभून दिसते.

एक उणीव मात्र आहे, आणि ती बोचते. शीर्षकात अरबी समुद्र असला तरी कातडीचे नमुने ओमानकडचे आहेत. पूर्वेचा काठ, म्हणजे गुजरातपासून केरळपर्यंतचा आपला किनारा, या कहाणीत जवळजवळ मुका आहे. दोष लेखकांचा नाही. जिथे वर्षानुवर्षं बोटी घेऊन माणसं गेली तिथलेच नमुने मिळणार. निबंधानंतर तीन वर्षांनी हा मुकेपणा थोडा फुटला. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानजवळ एका मादीला उपग्रहाशी बोलणारा टॅग लावला गेला. तिचं नाव लुबान, अरबीत धूप. हाच शब्द आपल्याकडे लोबान होऊन आला. लुबान समुद्र ओलांडून थेट भारताकडे निघाली, गोव्याच्या बाजूने दक्षिणेला उतरत मन्नारच्या आखातापर्यंत गेली, आणि पुन्हा ओमानकडे वळली. या समूहातल्या देवमाशाने अरबी समुद्र आरपार ओलांडल्याची ती पहिली नोंद. ‘न हलणारा’ समूह म्हणजे एका जागी बसलेला नव्हे, हे तिने दाखवून दिलं. तिचा समुद्र एक आहे आणि त्याचा पूर्वेचा काठ आपला आहे.

निबंधाच्या शेवटी लेखक प्रथमच आवाज किंचित चढवतात. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत हा समूह तेव्हा ‘संकटग्रस्त’ होता. तो ‘अतिसंकटग्रस्त’ करावा, अशी शिफारस ते करतात. मुख्य कारणं अशी : इतरांपासून तुटलेपण, घटलेली विविधता, आणि थोडकी संख्या. बाहेरून नवं रक्त येण्याची आशा नाही, कारण पंचांगाची भिंत आहे. जाळ्यात अडकून किंवा जहाजाच्या धडकेने मेलेल्या एका मादीची जागा घ्यायला दक्षिणेकडून कुणी येणार नाही.

संख्या किती, तर ओमानजवळच्या छायाचित्रांवरून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज ८२ चा आहे. ही मोजदाद शेपटीवरून होते. हम्पबॅक खोल बुडी मारताना शेपटी वर उचलतो, आणि तिच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग प्रत्येकाचे निराळे असतात. म्हणून रत्नागिरी, मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या दर्यावर्दी वाचकांना एक विनंती. समुद्रात लांब पांढऱ्या बाहूंचा देवमासा दिसला तर इंजिन मंद करा, अंतर ठेवा आणि तो बुडी मारताना शेपटीचा फोटो घ्या. दिवस, वेळ आणि जागा लिहून ठेवा, आणि ते सारं वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा.